अठ्ठाविसाव्या वर्षी



ज्या जबलपुरात १९०८ साली रूपसिंग जन्मले, त्या गावात फुटबॉलवर बोलायचं तर आधी हॉकीला नमस्कार करायला हवा. तो मी मनापासून करतो. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेवर २४ गोल चढवले, त्यातले १० या तुमच्या रूपसिंगांचे होते. पण त्यांचं नाव मी निव्वळ शिष्टाचार म्हणून घेतलेलं नाही. आजच्या विषयाचा धागा तिथूनच सुरू होतो. रूपसिंग पोटापाण्यासाठी काय करत होते? ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी फौजेत होते. त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद काय करत होते? कोवळ्या वयातच शिपाई म्हणून भरती झाले होते. जगातला सगळ्यात मोठा हॉकीपटू आणि त्याचा भाऊ, दोघांचीही घरं नोकरीवर चालत होती. नोकरी त्यांना खेळू देत होती. एवढं वाक्य आज तुम्ही ध्यानात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आज मी दोन फुटबॉलपटूंबद्दल बोलणार आहे. एक आपला, मुंबईचा राहुल भेके. दुसरा इंग्लंडचा जेमी वार्डी. एक बचावफळीत खेळणारा, दुसरा गोल मारणारा. एक शांत चेहऱ्याचा, दुसरा अंगावर धावून जाणारा. दोघांमध्ये साम्य शोधायला जाल तर हाताला काही लागणार नाही. पण एक गोष्ट आहे. वार्डी इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला ७ जून २०१५ रोजी, डब्लिनमध्ये, आयर्लंडविरुद्ध. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. राहुल भेके भारताकडून पहिल्यांदा खेळला ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधल्या बुरीराम इथं, किंग्ज कपमध्ये, कुरासाव या देशाविरुद्ध. तोही २८ वर्षांचा होता.

अठ्ठावीस! फुटबॉलमध्ये हे वय म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना विचारा. या वयात खेळाडूचा चांगला काळ चालू असतो, आणि शेवटही दिसायला लागलेला असतो. मेस्सी, रोनाल्डो यांना सतराव्या-अठराव्या वर्षी जगानं पाहिलं होतं. मग या दोघांना कोणी का पाहिलं नाही? आणि ज्या अर्थी ते इतक्या उशिरा का होईना पोचले, त्या अर्थी मधली दहा वर्षं ते कुठं होते? कोणत्या मैदानावर होते? कोणाच्या पगारावर होते? माझं आजचं सगळं बोलणं या मधल्या दहा वर्षांबद्दल आहे.

आधी वार्डीची गोष्ट सांगतो, कारण ती जास्त टोकाची आहे.

शेफील्ड हे पोलादाचं शहर. तुमच्या जबलपूरला तोफगाड्यांच्या कारखान्यानं १९०४पासून जसं वळण लावलं, तसं त्या शहराला पोलादानं लावलं. तिथं शेफील्ड वेन्सडे नावाच्या जुन्या क्लबच्या शाळेत जेमी वार्डी लहानपणापासून शिकत होता. सोळाव्या वर्षी क्लबनं त्याला काढून टाकलं. कारण? उंची कमी. मुलगा फार लहानखुरा आहे, मोठ्या माणसांत टिकणार नाही. काही महिने त्यानं फुटबॉल सोडूनच दिला. मग जवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबात गेला. नावातच पोलाद आहे. हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पायरीवरचा. दिवसा वार्डी एका कारखान्यात काम करायचा. मोडलेल्या हातापायांना आधार द्यायच्या पट्ट्या, ज्याला आपण दवाखान्यात स्प्लिंट म्हणतो, त्या तिथं बनत. संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, आणि सामन्याचे आठवड्याला ३० पौंड.

त्याला देवमाणूस करून सांगण्याची मला गरज वाटत नाही. २००७मध्ये एका मारामारीच्या प्रकरणात तो दोषी ठरला. सहा महिने त्याच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा होता, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी घरात असणं सक्तीचं होतं. बाहेरगावचा सामना असला की तासाभरानं त्याला बदली करून मैदानाबाहेर काढत, आणि तो तसाच घराकडं धाव घेई. आपल्याकडं असा मुलगा संपला असता. मोहल्ल्यात त्याचं नाव टाकलं गेलं असतं. तिथं त्या छोट्या क्लबानं त्याला टाकलं नाही. त्याच्यासाठी बदली खेळाडू तयार ठेवला. मला या गोष्टीत क्लबाचं मोठेपण वार्डीपेक्षा जास्त दिसतं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. २०१०मध्ये हॅलिफॅक्स टाउननं त्याला १५ हजार पौंडांना घेतलं. सातवी पायरी. त्या हंगामात संघ विजेता. २०११मध्ये फ्लीटवुड टाउन, दीड लाख पौंड. पाचवी पायरी. त्या एका लीग हंगामात ३१ गोल, आणि फ्लीटवुड आपल्या इतिहासात पहिल्यांदा व्यावसायिक लीगमध्ये दाखल. मे २०१२मध्ये लेस्टर सिटीनं १० लाख पौंड मोजले. खालच्या फुटबॉलमधल्या खेळाडूसाठी एवढी रक्कम त्याआधी कोणी दिली नव्हती. आणि मग काय झालं? पहिला हंगाम साफ फसला. गोल होईनात, प्रेक्षक ओरडू लागले, आणि वार्डी खेळ सोडायच्या विचारापर्यंत आला. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला समोर बसवून समजावलं, की तू या पायरीवरचाच आहेस, आम्ही तुला परत पाठवणार नाही.

२०१५-१६चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. लेस्टर विजेता होईल यावर सट्टेबाज एकाला पाच हजार असा भाव देत होते. वार्डीनं सलग ११ लीग सामन्यांत गोल केले. २८ नोव्हेंबर २०१५ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्यानं व्हॅन निस्टलरॉयचा दहा सामन्यांचा विक्रम मोडला. मेमध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. पुढं २०१९-२०मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, २३ गोल करून तो प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्या मानाचा आजवरचा सगळ्यात वयस्कर मानकरी.

ही गोष्ट जगभर परीकथा म्हणून सांगितली जाते. मला या परीकथा शब्दाचा राग येतो. परीकथेत कांडी फिरते आणि भोपळ्याची बग्गी होते. इथं कांडी कुठं फिरली? आठवी पायरी, सातवी, पाचवी, दुसरी, पहिली. प्रत्येक पायरीवर सामने होते, प्रत्येक सामन्याचा निकाल कोणीतरी लिहून ठेवत होतं, गोल मोजले जात होते, आणि वरच्या पायरीवरचा माणूस ते आकडे वाचत होता. वार्डीच्या पायात वेग होता, जिद्द होती, सगळं मान्य. पण पायऱ्याच नसत्या तर तो वेग घेऊन तो जन्मभर स्प्लिंटच्या कारखान्यातच राहिला असता, आणि रविवारी मित्रांना सांगत बसला असता, की मी एकेकाळी बरा खेळायचो. असं सांगणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात नाहीत का? या सभागृहातही असतील.

आणि इंग्लंडमध्ये तरी या पायऱ्या आकाशातून पडल्या का? नाही. तिथं वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. त्यांना लीग म्हणतात, आणि त्याखालच्या सगळ्यांना नॉन-लीग. आपण त्याला लीगबाहेरचं फुटबॉल म्हणू. कितीतरी दशकं या दोहोंच्या मध्ये भिंत होती. खालचा क्लब कितीही जिंकला तरी वर जायला वरच्यांची मतं लागत. वरच्या चौथ्या विभागातले तळाचे क्लब पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचे, आणि बाकीचे क्लब बहुधा आपल्या ओळखीच्यांनाच मत द्यायचे. विम्बल्डनसारखा क्लब १९७७मध्ये मतांवर आत आला, आणि अकरा वर्षांनी, १९८८मध्ये, लिव्हरपूलला हरवून त्यानं एफए कप जिंकला. म्हणजे बाहेर किती ताकद अडवून ठेवलेली होती बघा! शेवटी १९८६-८७च्या हंगामापासून नियम झाला, की खालचा विजेता थेट वर येईल. अर्ज नाही, मत नाही, ओळख नाही. वार्डीचा जन्म जानेवारी १९८७चा, म्हणजे नेमका त्याच हंगामातला. फ्लीटवुडला त्यानं ज्या वाटेनं वर नेलं, ती वाट त्याच्याच वयाची होती.

आता आपल्याकडं येतो.

आपल्याकडं पायऱ्या नव्हत्या असं समजू नका. होत्या, पण वेगळ्या होत्या. सुरुवातीचं वाक्य आठवा: नोकरी त्यांना खेळू देत होती. आपल्या देशात खेळाडूची पायरी म्हणजे नोकरी. फौज, रेल्वे, पोलीस, बँका, गिरण्या, तेल कंपन्या, सरकारी कारखाने. जबलपूरकरांना हे मी काय सांगावं? गन कॅरेज, खमरिया, व्हेईकल फॅक्टरी, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची केंद्रं, आणि आता पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय. खेळाडूच्या कोट्यातून लागला, हे शब्द इथल्या घराघरात माहीत आहेत. त्या शब्दांत थोडा हेवा असतो आणि पुष्कळ आदर असतो.

मुंबईचं फुटबॉल याच वाटेनं वाढलं. रोव्हर्स कप १८९१चा. कूपरेजच्या मैदानावर हार्वूड लीग चालायची. त्यात खेळणाऱ्या संघांची नावं वाचली तर शहराच्या अर्थव्यवस्थेची यादी वाचतोय असं वाटेल: टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, सेंट्रल रेल्वे, वेस्टर्न रेल्वे, बँक ऑफ इंडिया, महिंद्र, एअर इंडिया. मुलगा पेठेत, वाडीत, चाळीच्या पटांगणात खेळायचा. कोणीतरी साहेब बघायचा. मुलाला कारकुनाची किंवा फिटरची नोकरी मिळायची. सकाळी सराव, दुपारी हजेरी, संध्याकाळी सामना. पगार बेताचा, पण पक्का. पाय मोडला तरी चूल विझत नसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकविसाव्या, बाविसाव्या, तेविसाव्या वर्षीही माणूस आत घेतला जायचा. सतराव्या वर्षी निवडला गेला नाहीस तर संपलास, असा नियम नव्हता.

राहुल भेके या व्यवस्थेच्या शेवटच्या मुलांपैकी एक. तो एअर इंडियाकडून खेळला. मग मुंबई एफसीकडून. आणि तो वर चढत असताना त्याच्या मागच्या पायऱ्या एकेक करून काढल्या जात होत्या. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, तारखा सांगतो. महिंद्र युनायटेड, २००५-०६चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१०मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या नव्या अटींत बसत नाहीत म्हणून २०१३मध्ये देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, बाहेर गेले. पुणे एफसी गेला, त्यानंतर डीएसके शिवाजियन्स गेला, मुंबई एफसी गेला. सात-आठ वर्षांत महाराष्ट्रातले वरच्या लीगमधले हे सगळे संघ मिटले. कागदोपत्री कारणं प्रत्येकाची निरनिराळी होती. व्यावसायिक क्लब हवेत, खात्यांचे संघ नकोत, हे आशियाई महासंघाचं म्हणणं तत्त्वतः चूक नव्हतं, हेही मी कबूल करतो. पण एक पायरी काढताना दुसरी बसवायची असते की नाही? जुना पूल पाडण्याआधी नवा बांधायचा असतो की नाही?

नवं काय आलं? २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली. दिवे आले, कॅमेरे आले, परदेशी खेळाडू आले. चांगलं झालं. मैदानं सुधारली, पगार वाढले, लहान मुलांना भारतीय फुटबॉलपटूंची नावं पाठ झाली. मी या लीगचा विरोधक नाही. पण तिच्यात शिरण्याचा रस्ता पैशाचा होता, खेळून जिंकण्याचा नव्हता. खालून जिंकून वर यायची सोय पहिली नऊ वर्षं नव्हती. १९८६पूर्वीच्या इंग्लंडमध्ये निदान मतदान तरी होतं! २०२२-२३ची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ पहिल्यांदा खालून वर आला. पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग आला. १८९१ साली स्थापन झालेल्या क्लबाला सुपर लीगमध्ये यायला २०२४ उजाडलं.

या मधल्या अवघड काळात भेकेनं काय केलं? मिळेल ती जागा घेतली. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडं गेला. कोलकाता लीग १८९८पासून चालू आहे, तिथले प्रेक्षक बचावपटूची एक चूक दहा वर्षं विसरत नाहीत. सुपर लीग तेव्हा दोन-तीन महिन्यांचीच असायची, म्हणून एका वर्षात दोन जर्सी: ईस्ट बंगालच्या जोडीला २०१५मध्ये केरळा ब्लास्टर्स, २०१६मध्ये पुणे सिटी. उजव्या बाजूला लावलं तर उजव्या बाजूला, मध्ये लावलं तर मध्ये. अशा खेळाडूबद्दल वर्तमानपत्रं लिहीत नाहीत. स्कोअरमध्ये त्याचं नाव नसतं. मी स्वतः खेळावर लिहिणारा माणूस आहे, म्हणून सांगतो, बचावपटूवर लिहिणं अवघड असतं. त्याचं चांगलं काम म्हणजे न घडलेला गोल. न घडलेल्या गोष्टीचा मथळा कसा करायचा?

२०१७मध्ये तो बेंगळुरू एफसीकडं गेला, आणि तिथं त्याची घडी बसली. २०१८-१९च्या हंगामात तो इतका सातत्यानं खेळला, की याला राष्ट्रीय संघात का घेत नाही, म्हणून चाहत्यांनीच समाजमाध्यमांवर मोहीम चालवली. मग १७ मार्च २०१९. सुपर लीगचा अंतिम सामना, गोव्याविरुद्ध. आणि सामना कुठं? मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर. आदल्या वर्षी बेंगळुरू आपल्याच घरी अंतिम सामना चेन्नईयिनकडून हरला होता. इथंही नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तरी गोल नाही. पायांत गोळे आलेले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेनल्टी दिसायला लागलेल्या. ११७व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. आणि उंच उडी घेऊन ज्यानं डोक्यानं चेंडू आत घातला, तो गोल मारणारा सुनील छेत्री नव्हता, मिकू नव्हता. तो मुंबईचा बचावपटू राहुल भेके होता. १-०. बेंगळुरू विजेता.

अडीच महिन्यांनी त्याला भारताची जर्सी मिळाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहामध्ये भारत कतारशी खेळला. कतार नुकताच आशियाचा विजेता झालेला. सुनील छेत्री आजारी, संघाबाहेर. उजव्या बाजूला भेके, डाव्या बाजूला गोव्याचा मंदार राव देसाई, मध्ये झिंगन आणि आदिल खान, मागं गोलरक्षक गुरप्रीत. कतारनं फटक्यांमागून फटके मारले. निकाल ०-०. मी मघाशी म्हटलं ना, न घडलेला गोल? त्या रात्री न घडलेले गोल देशभर साजरे झाले. बचावपटूंच्या वाट्याला असा दिवस क्वचित येतो.

आणि आता ज्या सामन्यावर मला थोडं जास्त थांबायचं आहे, तो ११ एप्रिल २०२२चा. भेके तोवर मुंबईत परत, मुंबई सिटी या क्लबाकडं आलेला. आशियाई चॅम्पियन्स लीग, रियाध. समोर इराकचा अल-कुवा अल-जाविया, तिथल्या हवाई दलाचा क्लब. म्हणजे तोही मुळात खात्याचाच संघ! इराकमध्ये खात्याचा संघ आशियातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळतो, आणि आमच्या एअर इंडियाला आम्ही मोडीत काढतो, याचा विचार आमच्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी कधी केला असेल का? असो. मुंबई एका गोलानं मागं पडली. ७०व्या मिनिटाला डिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी केली. आणि ७५व्या मिनिटाला, पुन्हा डोक्यानं, राहुल भेके. २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कोणत्याही भारतीय क्लबानं मिळवलेला तो पहिला विजय. तोवर कोणाला जमलं नव्हतं ते ज्याच्या गोलानं जमलं, तो खात्याच्या संघातून, पाच जर्सी बदलत, अठ्ठाविसाव्या वर्षी देशाच्या संघात पोचलेला मुलगा होता. पुढं २०२४च्या मेमध्ये सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईनं सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधार म्हणून तो चषक भेकेनंच उचलला.

मंडळी, इथं कोणी म्हणेल, की खरा खेळाडू कुठूनही वर येतो, बघा भेके आला. मी याच्या नेमकं उलट म्हणतो. भेके आला, कारण तो तेवीस वर्षांचा असताना त्याला खेळायला देणारे संघ अजून शिल्लक होते. आज तेवीस वर्षांचा असलेला भेके कुठं आहे?

तो कुठं आहे, ते मला ठाऊक आहे. तो कोल्हापुरात आहे.

कोल्हापूरचं फुटबॉल तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, असं दुसरं शहर मला जगात माहीत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४०ची. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना लागला की दुपारपासून रस्ते तुंबतात, स्टेडियममध्ये शिरायला जागा राहत नाही. पेठेतली पोरं आपल्या खेळाडूला हिंदी सिनेमातल्या नटापेक्षा मोठा मानतात. घाना, नायजेरियाचे खेळाडू येऊन तालमीची जर्सी घालतात. कधी कधी राडाही होतो, सामने थांबतात, पोलीस येतात. ते वाईटच आहे, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण एवढं प्रेम, एवढी गर्दी, एवढे सामने, एवढे वर्षानुवर्षांचे निकाल! स्टॉक्सब्रिजच्या मैदानावर वार्डीला पाहायला जेवढे लोक यायचे, त्याच्या कितीतरी पट लोक शाहू स्टेडियमवर येतात. लीगबाहेरचं फुटबॉल म्हणजे काय हे इंग्लंडनं कोल्हापूरला शिकवायची गरजच नाही.

मग कोल्हापूरचा वार्डी कुठं आहे? तो तिथंच आहे. पेठेत त्याचा फलक लागतो, पंचविशीत त्याची कीर्ती शहराच्या वेशीपर्यंत जाते, आणि वेशीवर थांबते. तालमीच्या विजेत्याला पुढं जायला पायरी नाही. पाटाकडीलनं सगळे चषक जिंकले तरी पुढच्या वर्षी पाटाकडील पुन्हा तिथंच. शहराबाहेर पोचले ते बहुतेक असे, ज्यांना लहानपणीच कोणी उचलून नेलं. अनिकेत जाधव घ्या. रिक्षाचालकाचा मुलगा, जन्म २०००चा. लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, आणि २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. दिल्लीच्या मैदानावर अमेरिका, कोलंबिया, घाना. पुढं इंडियन ॲरोज, मग सुपर लीग. अनिकेतचा मला अभिमान आहे, आणि प्रबोधिनीसारख्या सरकारी योजनेचं ते खरं यश आहे. पण दहाव्या-अकराव्या वर्षी जो निवडला गेला नाही, त्याचं काय? जो सोळाव्या वर्षी बुटका होता आणि अठराव्या वर्षी उंच झाला, त्याचं काय? ज्याच्या घरी बाराव्या वर्षी पैसे नव्हते म्हणून जो चाचणीला पोचलाच नाही, त्याचं काय? वार्डीला सोळाव्या वर्षी तज्ज्ञांनी नापास केलं होतं. तज्ज्ञ मूर्ख नव्हते. सोळाव्या वर्षी माणूस पुरता दिसतच नाही, इतकंच.

आणि आता मी तुमच्या दाराशी येतो. जबलपूरहून शहडोल किती लांब? सकाळी निघालात तर दुपारी पोचाल. शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर. आदिवासी वस्तीचं गाव, पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळणारं. पंतप्रधानांनी २०२३मध्ये मन की बातमध्ये त्याचं नाव घेतलं आणि मिनी ब्राझील म्हणून ते देशभर गाजलं. मुलं खेळतात, मुली खेळतात, राष्ट्रीय शालेय स्पर्धांपर्यंत जातात. आनंदाची गोष्ट. पण मला विचारायचं आहे, विचारपूरचा मुलगा शाळा संपली की कुठं जातो? शालेय स्पर्धा एकोणिसाव्या वर्षी संपते. त्यानंतर? भोपाळच्या मदन महाराज क्लबासारखा एखादा संघ आय-लीगच्या पात्रता फेरीपर्यंत जाऊन आला. हे एकच नाव पटकन तोंडात येतं. सगळ्या मध्य प्रदेशातून एक नाव. एकोणिसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची नऊ वर्षं विचारपूरच्या मुलानं कोणत्या मैदानावर घालवायची?

मला इथं कोणी सांगेल, साहेब, अकादमी काढू. काढा. पण अकादमी लहान मुलांना निवडते, आणि मोठी होणारी मुलं तिच्या हाती लागत नाहीत. इथल्या लोकांच्या हातात दुसरं एक काम आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. दरवर्षी चालणारी, न चुकणारी जिल्हा लीग. वयाची अट नसलेली. स्पर्धा नाही म्हणत मी, लीग म्हणतोय. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की मुलगा घरी जातो, पाहणाऱ्याला त्याचं काही कळत नाही. लीगमध्ये तो पंधरा-वीस सामने खेळतो. वाईट दिवसानंतर चांगला दिवस येतो. कारखान्यांचे संघ, रेल्वेचा संघ, फौजेच्या केंद्रांचे संघ, मोहल्ल्यांचे संघ, आणि विचारपूरचा एक संघ. मैदान तुमच्याकडं आहे, राइट टाउनचं पंडित रविशंकर शुक्ल स्टेडियम आहे, रानीताल आहे. पंच तयार करता येतात. वेळापत्रक हंगामाआधी छापायचं आणि पाळायचं. प्रत्येक सामन्याचा निकाल, गोल करणाऱ्याचं नाव, मिनिट, सगळं वहीत उतरवायचं आणि त्याच दिवशी प्रसिद्ध करायचं.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आहे आणि आपल्याकडं तीच होत नाही. फ्लीटवुडनं वार्डीला घेतलं ते त्याच्या गोलांचे आकडे पाहून. ज्या मुलाचे गोल कोणी लिहिलेच नाहीत, त्याला कोणता क्लब काय पाहून घेणार? या सभागृहात गन कॅरेजमधून, टपाल खात्यातून, रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेले कितीतरी जण बसलेले आहेत. जन्मभर तुम्ही नोंदवह्या चोख ठेवल्या आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ, मैदानाच्या कडेला एक खुर्ची आणि एक वही. इथं कोणी लीग सुरू करणार असेल तर पहिल्या हंगामाचं वेळापत्रक मला पाठवा. मी जिथं लिहितो तिथं ते छापून आणायची जबाबदारी माझी, आणि दर आठवड्याच्या निकालांचीही.